वैशाखातला अंगठा

१

सन १९३२ च्या श्रावणातल्या एका सोमवारी, भर दुपारी, गोदा रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या रावजीच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आली. आरे गावाहून खाडी ओलांडून ती पावसात चालत आली होती. डोक्यावरचं इरलं तिने दारात आपटलं, कमरेला खोचलेला कागद काढला आणि रावजीच्या पुढ्यात, एका घड्याळाच्या सुट्या चाकांवर ठेवला. चाकं विस्कटली. रावजीने डोळ्यातलं भिंग काढलं.

“वाच,” ती म्हणाली. “मला वाचता येत नाय. गावच्या मास्तरानं वाचलं, ते खोटं निघावं म्हणून इथवर आले.”

मास्तराने खोटं वाचलं नव्हतं. ती नोटीस होती. रावजीची बायको तुळसा, जी ज्येष्ठात चार दिवसांच्या तापाने गेली, तिने मरण्यापूर्वी, वैशाख शुद्ध सप्तमीला, आरे येथील घर, आंब्याची सहा कलमं आणि काजूचा उतार आपला चुलतभाऊ भिकाजी याला बक्षीसपत्राने दिला होता. घरात राहणाऱ्या बाईने दिवाळीच्या आत घर खाली करावं. वारस म्हणून नवऱ्याला काही म्हणायचं असेल तर त्याने कचेरीत हजर व्हावं.

घरात राहणारी बाई म्हणजे गोदा, तुळसाची सख्खी थोरली बहीण. बापाने ती जागा तुळसाला दिली तेव्हा गोदा मंडणगडला सासरी नांदत होती. पुढे तिचा नवरा गेला, सासरच्यांनी हात वर केले, आणि तुळसाने तिला त्या घरात आणून ठेवलं. तू आहेस तोवर हे तुझं, एवढंच ती म्हणाली होती. बहिणीबहिणींत कागद कोण करतो?

“तिच्या बाराव्याला मी चुलीपुढं बसून तुझी माणसं जेवू घातली,” गोदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आणि तिनं मरायच्या आधीच मला घराबाहेर काढलं होतं.”

“तुळसा असं करणार नाही, आक्का.”

“मग अंगठा कुणाचा? दिवाळीनंतर मी कुठं जाऊ, तेवढं तुझ्या त्या काचेतून बघून सांग मला.”

तिने इरलं उचललं आणि ती निघून गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. रावजीने विस्कटलेली चाकं एका वाटीत लोटली. दोन महिने तो दुःखात होता. आज पहिल्यांदा त्याला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं.

२

रावजीने कचेरीत जाऊन दस्त नाकारला, म्हणून त्याची नोंदणी अडली. भिकाजीने वर अर्ज केला आणि चौकशीची तारीख पडली. त्या तारखेच्या काही दिवस आधी कारकुनाने रावजीला मूळ कागद पाहू दिला, स्वतः समोर बसून.

अंगठा दुसऱ्याच बाईचा असणार, याची रावजीला खात्री होती. तेवढं दाखवलं की भिकाजीला खडी फोडायला पाठवता येईल, असा हिशेब बांधूनच तो आला होता. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि कागदावर वाकला.

अंगठा सुरेख उठला होता. डोंगरउतारावरच्या भातखाचरांच्या बांधांसारख्या रेघा, एकीबाहेर एक, कुठे तुटलेल्या नाहीत. आणि त्या रेघांना मधून छेदणारी एक तिरकी चीर.

ती चीर रावजीच्या ओळखीची होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी फणस चिरताना तुळसाचा डावा अंगठा विळीवर कापला होता. त्यानेच चिंधी बांधली होती. अंगठा तिचाच होता.

“झालं का?” कारकुनाने विचारलं.

रावजीने कागद उलटा केला. मागच्या बाजूला मुद्रांक विकणाऱ्याची नोंद होती. कागद भिकाजीने विकत घेतला होता, पौष महिन्यात.

“कागद पौषात घेतला आणि लिहिला वैशाखात?”

“लोक घेऊन ठेवतात,” कारकून म्हणाला. “विचार पक्का व्हायला वेळ लागतो. लिहिला की मात्र चार महिन्यांत इथं आणावा लागतो. उशीर झाला तर त्या कागदात पुड्या बांधा.”

बाहेर पडल्यावर रावजी समोरच्या चहाच्या दुकानात गेला. दुकान हरिश्चंद्राचं. कचेरीतल्या निम्म्या कागदांवर साक्षीदार म्हणून त्याचीच सही असे, आणि या कागदावरही होती. रावजीने चहा मागितला आणि त्या दिवसाबद्दल विचारलं. हरिश्चंद्राने घडाघडा सांगितलं. बाई आली, समोर सखाराम दस्तलेखकाच्या ओसरीवर बसली, कागद वाचून दाखवला, तिने मान हलवली, अंगठा दिला.

“मग शाई पुसायला काय दिलंत?”

“चिंधी. बायकांचे मऊ हात, एका पुसण्यात साफ. काय हो, असं का विचारता?”

सखाराम लेखक ओसरीवर दस्त लिहीत बसला होता. रावजी आपल्याकडेच येतोय हे पाहून त्याने टाक खाली ठेवला. तो गोड बोलला. तुळसावहिनी फार समजूतदार होत्या, पदर नीट घेऊन बसल्या, शेवटी हात जोडून गेल्या. “बायको नवऱ्याला सगळंच सांगते असं नाही, रावजी. मनाला लावून घेऊ नका.”

रावजीने हरिश्चंद्राच्या चहाचा पेला अजून हातातच धरला होता. तो त्याने सखारामाच्या ओसरीवर इतक्या जोरात ठेवला की त्याची कड उडाली.

३

भिकाजी, सखाराम, हरिश्चंद्र, तिघे खोटारडे असतील, पण अंगठा खोटा नव्हता. घरी जाताना रावजीचा राग फिरला आणि तुळसावर जाऊन बसला.

बारा वर्षांच्या संसारात तिने त्याला न सांगता गुंजभरही काही केलं नव्हतं, असं तो समजत होता. दर फाल्गुनात ती काजूच्या मोसमासाठी आऱ्याला बहिणीकडे जाई ती वैशाख संपता संपता परत येई. म्हणजे तिथूनच ती एक दिवस गुपचूप शहरात आली, बहिणीचं घर दुसऱ्याला देऊन टाकलं, नवऱ्याच्या दुकानासमोरून गेली आणि आत डोकावलीसुद्धा नाही. वर परत येऊन हसून बोलत राहिली. आणि मग मरून गेली. आता विचारायचं कोणाला?

स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याची बरणी होती. तुळसाने आऱ्याहून आणलेली, या वर्षीची. ती गेल्यापासून बरणी उघडायचा त्याला धीर झाला नव्हता. आता त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, अंगणातल्या दगडावर फोडायला.

दारात उजेडात येताच त्याला झाकणाभोवतीचं मेण दिसलं. मुंग्या लागू नयेत म्हणून तुळसा बरणीच्या तोंडाला फडकं बांधी, झाकण बसवी आणि भोवती पातळ केलेलं मेण ओतून डाव्या अंगठ्याने दाबत जाई. मेणात तिच्या अंगठ्याचे खळगे होते, एकाला लागून एक. तिच्या शरीराची तेवढीच खूण घरात उरली होती.

तो उंबऱ्यावर बसला आणि बरणी मांडीवर घेतली. सवयीने हात खिशात गेला आणि भिंग डोळ्याला लागलं. तुळसा यावरून त्याला चिडवी. “तुमच्या डोळ्यात ती काच गेली की घराला आग लागली तरी तुम्ही म्हणाल, जरा थांब, एवढं चाक बसवतो.”

चीर होती. प्रत्येक खळग्यात तीच तिरकी चीर. पण रेघा नव्हत्या. त्याने भिंग पुसलं, बरणी फिरवली, उजेड तिरपा घेतला. फडक्याचे दोरे मेणात उमटले होते, एकेक मोजून घ्यावा असे. त्यांना लागूनच तुळसाचा अंगठा, पिकलेल्या पानासारखा गुळगुळीत, कडेला सालं निघालेली, आणि मधून ती चीर.

एकाच बाईचा एकच अंगठा. कागदावर रेघांनी भरलेला, मेणावर कोरा.

रावजीने बरणी फोडली नाही. फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाडी ओलांडणाऱ्या तरीवर होता.

४

गोदा अंगणात नारळ सोलत होती. तिने कोयता खाली ठेवला नाही.

“सामान बांधू का, ते सांगायला आलास?”

“ही बरणी कधी भरली, आक्का?”

तिने बरणीकडे बघितलं आणि मग नजर वळवली. अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, ती म्हणाली. दोघींनी मिळून. मीठ थोडं जास्त पडलं म्हणून भांडण झालं होतं. मेण गरम होतं, गोदा तिला म्हणाली होती, काठी घे, अंगठा भाजेल. तर तुळसा म्हणाली, माझी बोटं मेलीत, चटका कळत नाय.

“बोटं मेली म्हणजे?”

गोदाने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तो कालच कोकणात उतरला होता.

“शहरात राहून विसरलास? काजूची बी फोडताना डाव्या हातात कशानं धरतात? अंगठ्यानं. कितीही राख लावली तरी टरफलाचं तेल लागतंच. फोड येतात, काळं पडतं, कातडं निघतं. वैशाखात आमचा डावा अंगठा म्हणजे नुसता सोललेला बटाटा.”

“परत कधी भरतो?”

“फोडणं थांबल्यावर पंधरा-वीस दिवस. पाऊस लागेपर्यंत.” तिने आपला अंगठा पुढे केला. आता श्रावणात तो रेघांनी भरलेला होता.

रावजीने सगळं तिला सांगितलं. कागदावरचा अंगठा तुळसाचा होता, पण वैशाखातला नव्हता. सप्तमीला, म्हणजे बरणी भरल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, तिच्या अंगठ्याला रेघा असूच शकत नव्हत्या. तो अंगठा काजूच्या आधीचा होता. पौषातला, कागद विकत घेतला तेव्हाचा. कागद कोरा असताना तिने अंगठा दिला आणि वरचा मजकूर ती मेल्यावर भरला.

“मग त्या मेल्यानं तारीख पौषाचीच का नाय घातली?”

“घातली असती तर कागद केव्हाच मेला असता. लिहिल्यापासून चार महिन्यांत कचेरीत न्यावा लागतो. तुळसा गेली ज्येष्ठात. ती जिवंत होती आणि चार महिनेही उलटलेले नाहीत, अशी तारीख त्याला हवी होती. वैशाख त्यात बसत होता. लिहिणारे पुरुष, आक्का. बायकांच्या हाताला वैशाखात काय होतं ते त्यांना ठाऊक नाही.”

गोदाने बरणीवरून हात फिरवला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. दोन महिने मेलेल्या बहिणीसाठी ती रडली होती आणि नोटीस आल्यापासून तिला शिव्या देत होती. कोयता तिने खांबात मारला, तो तिथेच रुतून राहिला.

“येते मी साक्षीला,” ती म्हणाली. “पण एक सांग. पौषात ती इथं नव्हती. तुझ्या घरात होती. मग भिकाजीनं कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला कुठं? आणि तिनं तो दिलाच कसा? ती तुला विचारल्याशिवाय दळणसुद्धा टाकत नसे.”

रावजीने बरणी पुन्हा फडक्यात बांधली.

५

चौकशी करणारे साहेब चष्मा लावणारे, थकलेले गृहस्थ होते. टेबलावर लोणच्याची बरणी बघून ते आधी शिपायावर चिडले. मग रावजीने सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा सैल झाला नाही.

सखारामाने हात जोडले. “साहेब, हा घड्याळजी आहे. भिंगात भलतंच दिसतं. मुंगीचा हत्ती होतो. अशा काचेच्या जिवावर लेखी कागद खोटा पाडायचा?”

साहेबांनी रावजीकडे बघितलं. “याला उत्तर आहे?”

रावजीने पाण्याचा पेला मागितला आणि साहेबांची पेन्सिल त्यात तिरकी उभी केली. पाण्याला टेकली तिथे ती मोडल्यासारखी दिसली आणि पाण्यातला भाग जाडजूड झाला.

“पेन्सिल मोडली का, साहेब? नाही. उजेड सरळ चालतो. हवेतून पाण्यात, काचेत शिरताना आणि बाहेर पडताना तो वळतो. हे भिंग मध्ये फुगीर आहे, कडेला पातळ. मधून येणारा उजेड सरळ येतो, कडेचा आतल्या बाजूला वळतो. जवळ धरलेल्या वस्तूवरून निघालेला उजेड असा वळून डोळ्यात येतो. डोळ्याला तो वळलाय हे कळत नाही. ज्या दिशेने आला त्या दिशेला तो सरळ मागे बघतो, आणि वस्तू तेवढी मोठी आहे असं धरून चालतो. भिंगाचं काम इतकंच. आहे ते पसरून दाखवायचं. मुंगीचा हत्ती दिसेल, पण मुंगीला पाय सहाच राहतील. नाही ते भिंगाला आणता येत नाही. नसलेली रेघ उमटवायची तर त्याला सखारामासारखं लिहिता यायला हवं.”

कारकून हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबांनी भिंग स्वतःच्या हातात घेतलं, आधी कागदावर धरलं, मग मेणावर.

“चीर तीच आहे,” ते म्हणाले. “इथे रेघा आहेत. तिथे नाहीत.”

“मेण उन्हानं पातळ झालं असेल,” भिकाजी पहिल्यांदाच बोलला. उंच, चांगला दिसणारा माणूस, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. “रेघा पुसल्या गेल्या असतील.”

“मग फडक्याचे दोरे कसे राहिले?” साहेबांनी भिंग न काढता विचारलं. “आणि ही चीर?”

गोदाने साक्ष दिली. बोटांचं सांगितलं, मिठावरून झालेल्या भांडणाचंही सांगितलं. सखाराम म्हणाला, बरणी गेल्या वर्षीची नसेल कशावरून? गोदा त्याच्याकडे वळली.

“गेल्या वर्षीची म्हण, नायतर त्याच्या आधीची. लोणचं वैशाखातच घालतात ना रे? बारा वर्षं ती दर वैशाखात माझ्यासोबत बिया फोडत होती. हवा तो वैशाख घे आणि रेघा काढून दाखव.”

साहेबांनी हरिश्चंद्राला पुढे बोलावलं. सप्तमीला त्या बाईचा हात त्याने पाहिला होता का? कसा होता? हरिश्चंद्राने आधी गोदाच्या हाताकडे बघितलं, मग बरणीकडे. एका पुसण्यात साफ झालेल्या मऊ हाताची गोष्ट त्याने चहा पाजताना रावजीला सांगितली होती. आता ती त्याच्या तोंडून निघेना.

“मी बाई पाहिलीच नाय, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “आषाढात सखारामानं कागद आणला, मी सही केली. रोजच करतो. वाचत नाय.”

सखाराम खाली बघू लागला. साहेबांनी दस्त नोंदायला नकार दिला आणि खोट्या कागदाबद्दल पुढे लिहायला कारकुनाला सांगितलं. उठता उठता त्यांनी विचारलं, पौषात कोऱ्या कागदावर अंगठा घेतला कुठे? भिकाजीने फक्त मान वळवून रावजीकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. उपहास होता.

६

पायऱ्यांवर रावजीने भिकाजीची कॉलर पकडली आणि दुसरा हात उगारला.

“मेलेल्या बाईचा अंगठा विकतोस?”

भिकाजीने सोडवून घ्यायची धडपड केली नाही. “आत मी गप्प बसलो, भावोजी, कारण बोललो असतो तर कागद कोरा होता हे माझ्याच तोंडून निघालं असतं. आता काय राहिलंय? तुमच्या दुकानात घेतला अंगठा. तुमच्यापासून दोन हातांवर.”

“खोटं.”

“गलबतावरच्या कोणा तांडेलाचं घड्याळ उघडलं होतं तुम्ही. मी म्हटलं, जमिनीच्या मोजणीचा अर्ज करायचाय, मजकूर मागाहून लिहून घेतो. तुळसा तुम्हाला म्हणाली, अहो, जरा बघा की कागद. तुम्ही मान वर केली नाही. म्हणालात, भिकाजी घरचा माणूस, देऊन टाक अंगठा.” त्याने कोट झटकला. “मान वर केली असती तर भिंग लागलं नसतं. कोरा कागद होता.”

रावजीचा उगारलेला हात तसाच खाली आला.

दुकानात जाऊन त्याने दुरुस्तीची वही काढली. पौष वद्य पंचमी, तांडेलाचं खिशातलं घड्याळ, तोल सांभाळणारं चाक बदललं. केसाएवढा बारीक आस होता त्याचा, आणि तो त्याने भिंगात अचूक बसवला होता. ते चाक त्याला आठवलं, त्याची चमकसुद्धा. तुळसाचा आवाज आठवला, पाठीमागून आलेला. तिचा चेहरा आठवला नाही, कारण त्याने तो बघितलाच नव्हता. त्याने वही भिंतीवर फेकली. मग भिंग फेकायला उचललं, आणि नाही फेकलं. पोटाला तेच लागणार होतं.

तो घरी आला तेव्हा गोदा तिथे आधीच पोचली होती. तिने भात टाकला होता आणि बरणीचं मेण सुरीने काढून, खळग्यांना धक्का न लावता, एका वाटीत ठेवलं होतं. तिने त्याच्या पानात लोणच्याची फोड वाढली.

“मीठ जास्तच झालंय,” ती म्हणाली. “मी म्हणत होते तिला.” मग पदराने डोळे पुसले. “मी काय काय बोलले रे तिला. पण तिनं दिलाच कसा अंगठा, ते मला अजून कळत नाय. कोण होतं तेव्हा तिच्याजवळ?”

रावजी जेवत राहिला. गोदाने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तरीने ती आऱ्याला गेली, आपल्या घरी.

घर वाचलं आहे. मेणाची वाटी फळीवर आहे. पौषात तुळसाला अंगठा द्यायला कोणी सांगितलं, ते गोदाला सांगायचं अजून राहिलं आहे.